समुद्र साफ करायला निघालात? आधी या चुका टाळा

सप्टेंबरचा तिसरा शनिवार. जगभर किनारे साफ करायचा दिवस म्हणून मालवणजवळच्या देवबाग-तारकर्ली पट्ट्यातले आम्ही आठ-दहा धंदेवाईक पुळणीवर उतरलो. खोल्या देणारे, खानावळवाले, बोटवाले. एकाने तर टी-शर्टही छापून आणले होते. दुपारपर्यंत चाळीसेक गोणी भरल्या, रांगेत उभ्या केल्या, फोटो झाले. ट्रॅक्टर सोमवारी येणार होता. रापणीचा दोर गुंडाळत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "झिला, गोणी वर घे. रातचा पाणी हयसर येतला." अमावास्या तोंडावर आली होती, म्हणजे उधाणाची भरती येणार, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. रविवारी सकाळी नऊ गोणी जागेवर होत्या. बाकीचा माल समुद्राने परत नेला होता, आता आमच्या गोणींसकट.

समुद्रासाठी काही करायचं म्हटलं की आपण तोंड समुद्राकडे करतो. खरं काम बहुतेक पाठीमागे असतं: मोरीत, संडासाच्या टाकीत, गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, काही शेजाऱ्यांच्या पाहिल्या आहेत.

गोणी भरली, पुढे काय?

मोहिमेची तारीख ठरवण्याआधी गाडीची तारीख ठरवा. ग्रामपंचायतीशी आधी बोला, गोणी सुरूच्या झाडांपर्यंत वर न्या, आणि जागेवरच निवड करा. वाळूने भरलेलं ओलं प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. चपला, थर्माकोल आणि जाळ्यांचे तुकडे तर मुळीच नाही. सगळं एकत्र कोंबलं तर ते गावाबाहेरच्या खड्ड्यात जातं आणि पुढच्या पावसात पुन्हा तुमच्याच दारात येतं. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा घरातूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि डम्पिंगच्या जागेचं रूप असं पालटलं की आज लोक ती बघायला जातात. एकदा जाऊन या, अर्धा दिवस पुरतो.

आणि वही ठेवा. काय सापडलं, किती सापडलं. आमच्या वहीत पहिला नंबर पाण्याच्या बाटलीचा लागला. माझ्या सहा खोल्या, खोलीमागे रोज चार बाटल्या. मे महिन्यात एकट्या माझ्याकडून जवळपास साडेसातशे. वर्षातून एक दिवस वाकून त्या वेचण्यापेक्षा फिल्टर आणि तांब्या स्वस्त पडला. पाहुणे कुरकुरतात, म्हणून पाणीतपासणीचा ताजा कागद जेवणाच्या खोलीत लावला आहे.

जेसीबीने किनारा झाडणे

हंगामाआधी पुळण 'चकाचक' करायला काही जण जेसीबी लावतात. त्यात प्लास्टिकबरोबर मर्यादवेल जाते आणि रावणाच्या मिशाही जातात. वाळूचा उंचवटा धरून ठेवणारी हीच झाडं. ती गेली की पुढच्या उधाणाला तुमचं कंपाउंड समोर येतं. वाहून आलेलं लाकूड, शिंपले, शेवाळ हा कचरा नव्हे. शिवाय साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रत्नागिरीतल्या वेळास-आंजर्ल्यापासून सिंधुदुर्गातल्या वायंगणीपर्यंत. हाताने वेचा, आणि त्या दिवसांत समुद्राकडे तोंड केलेले फ्लडलाइट रात्री बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि उलट गावात शिरतात.

सर्वात मोठी चूक: संडासाची टाकी

ही कुणाला दिसत नाही, म्हणून हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. देवबाग म्हणजे एकीकडे कर्ली खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. इथे शोषखड्डा खणला की पावसाळ्यात हातभर खाली पाणी लागतं. म्हणजे खड्डा शोषत नाही, तो फक्त मैल्याचं पाणी विहिरीला आणि समुद्राला वाटून देतो. वर सड्यावर, म्हणजे पठारावर, जांभा असला तरी निर्धास्त राहू नका, जांभ्यातूनही पाणी झिरपत जातं.

आपली टाकी गळते का, हे कसं ओळखावं? ओहोटीला पुळणीवर एकाच जागी हिरवट, बुळबुळीत पट्टा दिसतो का ते बघा. टाकी उपसली नाही तरी कधीच भरत नसेल तर खूश होऊ नका, ती रिकामी होतेय कुठेतरी. आणि गावच्या जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्याकडे, एच-टू-एस बाटली मागा. बाटलीत विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात बहुधा मैला मिसळलाय. मी ती बाटली स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाईसारखी काळी झाली होती. त्या आठवड्यात मी बुकिंग घेतलं नाही.

उपाय महाग वाटतो, पण एकदाच करायचा असतो: न गळणारी, कप्प्यांची टाकी, तिचं पाणी थेट जमिनीत न सोडता खाली अस्तर घातलेल्या वाफ्यात, खडी आणि कर्दळीतून फिरवायचं. स्वयंपाकघराच्या मोरीला वेगळा ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी कुंडी, हवा. मासे तळलेलं तेल टाकीत गेलं की वर साय धरते आणि सगळं तुंबतं. तुंबलं की आपण काय करतो? ॲसिड आणि फिनेल ओततो. त्याने टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी आणखी तुंबते. साधा साबण, ब्रश, आणि मे महिन्यात उपसा, एवढंच पुरतं. उपसणाऱ्या टँकरवाल्याला मात्र विचारा, कुठे रिकामा करतोस? उत्तरात 'रात्री' हा शब्द आला तर दुसरा टँकर बघा.

व्हाळाकडे दुर्लक्ष

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत व्हाळ आणि पऱ्ये वर्षभराचा कचरा एका दिवसात समुद्रात आणून ओततात. म्हणून मे अखेरीला व्हाळ साफ करणं हे सप्टेंबरात पुळण साफ करण्यापेक्षा कितीतरी सोपं. कचरा सुका असतो आणि एकाच जागी असतो. आम्ही शहाणपणा करून जुलैत व्हाळाला आडवं जाळं बांधलं. कचऱ्याने ते धरणासारखं फुगलं आणि शेजारणीच्या परसात पाणी शिरलं. तिने काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाळं लावायचंच तर दिवाळीनंतर, तिरकं, बांबूला बांधून, आणि मृगाआधी सोडून ठेवायचं.

'पर्यावरणपूरक' माल

कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचा थर असतो. 'कंपोस्ट होणारे' म्हणून येणारे पारदर्शक पेले भरपूर उष्णता देणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात कुजतात, समुद्राच्या पाण्यात नाही. पोफळीच्या विरीच्या (गळून पडणाऱ्या झावळीच्या रुंद देठाच्या) ताटल्या आणि केळीचं पान आपल्याच परसात असताना हा खर्च कशाला, हे मला कळलेलं नाही.

मासेमाराला सांगून मोकळे होणे

'जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत आणा' असा बोर्ड जेटीवर लावून काही होत नाही. बोटीवर गोणी कोण देणार, किनाऱ्यावर ती कोण उतरवणार, नेणार कोण? केरळात नींदकरा बंदरावर २०१७ पासून बोटी समुद्रातलं प्लास्टिक परत आणू लागल्या. ते घ्यायला माणसं होती आणि चुरा करून रस्त्यात वापरायची सोयही होती, म्हणून ते चाललं. आपल्याकडे बर्फवाले, मासळीचे व्यापारी आणि हॉटेलं मिळून हा खर्च सहज उचलू शकतात. फाटक्या नायलॉन जाळ्यांसाठी जेटीवर एक पिंजरा ठेवला तरी पुष्कळ. हेही सांगत राहा की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर वनखात्याकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

बोटवाल्यांनो, एक तुमच्यासाठी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि स्नॉर्केलिंगचा धंदा तिथल्या प्रवाळावरच चालतो. त्याच प्रवाळावर नांगर टाकणं म्हणजे दुकान आपणच फोडणं. कायमचा तरंगता बोया बांधून घ्या. इंजिनाचं काळं तेल डब्यात साठवा, बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याबरोबर उपसून टाकू नका.

कारखाने आणि सीएसआर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे दाभोळ खाडीतली मासळी मरते, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. अशा खाडीकाठी कचऱ्याचे डबे वाटून आणि भिंती रंगवून उपयोग नाही. सांडपाण्याचा प्रकल्प नीट चालवणं सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या समाजकामाच्या खर्चात, मोजताही येत नाही, कारण कायद्याने जे करायलाच हवं ते त्यात धरत नाहीत. सीएसआरचा पैसा खाडीच्या पाण्याची नियमित, त्रयस्थ तपासणी करून निकाल जेटीवरच्या फळ्यावर मराठीत लावण्यासाठी वापरा. मुसळधार पावसाच्या रात्रीचा नमुना आवर्जून घ्यायला लावा.

कांदळवन लावण्याचीही घाई नको. उघड्या पुळणीवर तिवराची रोपं लावून फोटो निघतो, रोपं पुढच्या उधाणाला निघतात. जुन्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांधातली बंद पडलेली मोरी मोकळी झाली आणि भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं तर बी आपोआप येतं. मात्र वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय फावडं लावू नका.

एक गोष्ट आपल्या हातात नाही. मेपासून पाऊस संपेपर्यंत किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे खोल समुद्रातल्या तेलाचे असतात. ते वाळूत पुरून टाकू नका, उन्हात पुन्हा मऊ होऊन वर येतात. फावड्याने उचलून वेगळ्या डब्यात भरा आणि पंचायतीला कळवा. पाहुण्यांच्या पायांना लागलं तर रॉकेलने घासू नका, त्वचा सोलवटते. खोबरेल तेल चोळून जुन्या फडक्याने पुसलं की निघतं. आमच्याकडे बाटली आणि फडकी पायरीवरच असतात.