नव्या गाडीचा टवका उडू नये म्हणून काय करायचं (आणि उडालाच तर)

दसऱ्याला गाडी घेतली, जोतिबाला नेऊन आणली, गुलाल धुतला, आणि अकराव्या दिवशी कोल्हापूरजवळ हायवेला टोपपाशी पुढच्या डंपरच्या चाकातनं एक खडी उडाली ती बॉनेटच्या बरोबर मधे टक्क. आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. पुढं पंपावर थांबून बघितलं तर तांदळाच्या दाण्याएवढा टवका आणि आत राखाडी दिसतंय. आणि राग कशाचा, तर शोरूममधे कोटिंगचे चांगले पैसे मोजले होते, "काही होत नाही सर, नाईन एच आहे" असं ऐकून. तर त्या टवक्यापासनं पुढं दीड वर्षात जे शिकलो, चार पेंटरना विचारलं, स्वतः करून बघितलं ते सगळं लिहितोय, नवीन गाडी घेणाऱ्याला उपयोग होईल.

आधी कलर किती जाड असतो ते समजून घ्या म्हणजे निम्मं कोडं सुटतंय. कंपनीतनं येणारा सगळा कलर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी जाडी. त्यात पण थर आहेत, पत्र्यावर गंज अडवणारा पहिला थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, जो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. आपण जी चमक बघून खूश होतो ती त्या क्लिअरची. आता सिरॅमिक कोटिंग यावर किती बसतं, तर एखाद-दुसरा मायक्रॉन. एवढ्या पातळ थरानं दगड कसा अडणार सांगा? नाईन एच म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, दगडाशी त्याचा काही संबंध नाही. कोटिंग वाईट नाही, धूळ कमी चिकटते, धुवायला सोपं जातं, पक्ष्यांची घाण पटकन निघते, पण खडीसाठी शून्य. टेफ्लॉनचं आणि वॅक्सचं पण तेच. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

दगड अडवायला जाडी लागते आणि थोडा लवचिकपणा लागतो, ते काम फक्त पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, करतं. (घरात पीपीएफ पीपीएफ चालू होतं तर आबांना वाटलं पोरगं पोस्टात खातं काढतंय, म्हणाले शहाणा झालास.) ही पारदर्शक जाड फिल्म असते, दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे तुमच्या सगळ्या कलरपेक्षा जाड. मूळ कल्पना व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती वाळू-दगडापासनं वाचवायची, तिथनं ती गाड्यांवर आली. खडी आपटली की फिल्म थोडी दबते, मार पसरवते, आणि खालचा कलर वाचतो.

पण पीपीएफ म्हणजे पीपीएफ नव्हे. टीपीयूची (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची) आहे का असं स्पष्ट विचारा. पीव्हीसीची स्वस्त फिल्म पण पीपीएफ म्हणूनच विकतात, ती कडक असते, आपल्याकडच्या उन्हात पिवळी पडते आणि काढताना चिंध्या-चिंध्या होऊन निघते, गोंद मागं राहतो तो वेगळाच. पांढऱ्या गाडीवर पिवळी पडलेली फिल्म म्हणजे जुन्या फ्रिजचं दार. रोल कुठला आहे, त्याचा सिरियल नंबर वॉरंटी कार्डवर लिहून देणार का, आणि वॉरंटी फिल्म बनवणाऱ्याची आहे का नुसती दुकानदाराची, एवढं विचारलं की समोरचा किती पाण्यात आहे ते लगेच कळतं. सेल्फ हीलिंग म्हणतात ते खरं आहे पण बारीक ओरखड्यापुरतं, उन्हानं किंवा गरम पाण्यानं ते भरून येतात. दगडानं फिल्म फाटली तर ती फाटलीच, तेवढा पॅनल बदलायचा.

आता पूर्ण गाडीला करायचं का? माझं मत, नाही. चांगल्या फिल्मचं फुल बॉडी म्हणजे सहज लाखाच्या घरात जातं आणि टपाला कोण दगड मारतंय. मार खाणारे भाग ठरलेले आहेत. पुढचा बंपर, बॉनेट (अर्धं नको, पूर्णच घ्या, अर्ध्याची रेघ दोन महिन्यांत धूळ धरते आणि आयुष्यभर दिसते), आरशांचे पुढचे भाग, पुढचे दोन फेंडर, हेडलाईट, आणि एक जागा जी सगळे विसरतात, दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा. तिथं दुसऱ्याची नाही, आपल्याच पुढच्या चाकाची खडी लागते. मी फेंडर सोडून हे सगळं केलं, आता वाटतंय फेंडर पण करायला हवे होते.

नवीन गाडीला लगेच लावलं तर चालतंय, कंपनीचा कलर भट्टीत पक्का झालेला असतो. एखादा पॅनल बाहेर रंगवला असेल तर मात्र महिनाभर तरी थांबा, नाहीतर आतला थिनर बाहेर पडायला जागा नसते आणि फिल्मखाली बुडबुडे येतात. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी पीपीएफ मग वाटलं तर त्यावर सिरॅमिक. उलटं केलं तर फिल्म नीट धरत नाही. माझं उलटं झालेलं, त्यामुळं आधीचं कोटिंग घासून काढायचे वेगळे पैसे पडले. म्हणून डिलिव्हरीच्या आधीच शोरूमला स्पष्ट सांगा की कोटिंग नको, पॉलिश नको, नुसती धुऊन द्या. पॉलिशिंग म्हणजे क्लिअर कोट थोडा-थोडा घासून कमी करणं आहे, नव्या गाडीला ते कशाला?

लावणारा माणूस फिल्मच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा, हे मी ठासून सांगतो. फिल्म मशीनवर कापून आणतो का गाडीवर पसरून ब्लेडनं कापतो ते बघा. गाडीवर कापणारे पण कसबी असतात पण हात जरा जड पडला तर क्लिअर कोटवर कायमची रेघ, आणि ती फिल्म काढल्यावरच कळणार. कडा आत वळवून देतो का, सेन्सर आणि पुढच्या रडारच्या जागी काय करतो, जागा बंद आणि धूळ नसलेली आहे का, हे जाऊन बघा. रस्त्याच्या कडेला शटर उघडं टाकून काम चाललंय तिथनं परत फिरा. त्यानं लावलेली एक-दोन वर्षं जुनी गाडी दाखव म्हणा, कालची नको.

लावल्यावर आठवडाभर धुवायची नाही, बारीक पाण्याचे फुगे दिसले तर टोचायचे नाहीत, ते आपोआप जातात. प्रेशरच्या पाण्याची नळी कडेवर जवळनं धरायची नाही, कड उचलली की संपलं. आणि आपला खास कोल्हापुरी प्रॉब्लेम, गुलाल. जोतिबाला जाऊन आलं की गुलाल फिल्मच्या कडेला जाऊन बसतो आणि गुलाबी रेघ दिसते. कोरड्या फडक्यानं तर अजिबात पुसू नका, आधी भरपूर पाणी मारा, मग शॅम्पू, मग मऊ ब्रशनं कडा. पूजेला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं असेल तर काढा, पण नंतर नखानं खरवडू नका. रंगीत पीपीएफ घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात पण बदलावा लागतो. पारदर्शकला ती भानगड नाही.

आता बिनपैशाचा उपाय, आणि खरं सांगायचं तर पीपीएफपेक्षा जास्त फरक यानं पडतो. अंतर आणि स्पीड. खडीचा मार स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६० ला जो दणका बसतो तोच ९० ला सव्वादोन पट. चाकातनं उडालेली खडी बऱ्याचदा हवेत नुसती उचललेली असते, आपणच जाऊन तिला धडकतो. आपल्याकडे तर हायवेला कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम, डायव्हर्जन, सर्व्हिस रोडवर सांडलेली खडी, टोप-शिये भागातल्या खाणींतनं आणि क्रशरवरनं निघणारे डंपर, निम्म्यांवर ताडपत्री नसते. अशा डंपरच्या मागं जवळ राहायचं नाही म्हणजे नाही. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, त्यामुळं चार सेकंदांचं अंतर म्हणजे जवळजवळ ९० मीटर. सेकंद कसे मोजायचे? डंपर एखादा खांब ओलांडतो तिथनं "जोतिबाच्या नावानं चांगभलं" सावकाश दोनदा म्हणा, म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. बायको हसते, हसू दे. मधे कोण घुसलं तर घुसू दे, त्याचं बॉनेट तुमच्यासाठी खडी खातंय.

ओव्हरटेक करताना पण हाच विचार. मागं चिकटून वाट बघत बसायचं नाही, लांबूनच रस्ता मोकळा आहे का बघायचं आणि एकदम निघायचं, आणि पुढं गेल्यावर लगेच आत शिरायचं नाही, नाहीतर तुमच्या चाकातली खडी त्याच्या काचेवर. समोरनं येणारी गाडी जास्त वाईट, कारण दोघांचा स्पीड एकत्र होतो. गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या अरुंद रस्त्याला समोरचा साईडपट्टीवर उतरतो आणि मुरूम उडवतो, तिथं आपण आधीच स्लो व्हायचं. पावसाळा संपल्यावर खड्ड्यांवर खडी आणि डांबर टाकून जातात, रोलर नीट फिरतोच असं नाही, त्या पॅचवर ३०-४०. आणि ऊस सीझन, दिवाळी ते साधारण मार्चपर्यंत, ट्रॅक्टरची नक्षीची मोठी चाकं शेतातनं चिखल आणि त्यात अडकलेले दगड घेऊन डांबरीवर येतात आणि स्पीड धरला की एक-एक सोडत जातात. ट्रॉलीचं मागचं वजन बघून सगळे लांब राहतात पण चाकांकडं कोण बघत नाही.

मडगार्डच्या मागचे फ्लॅप लावून घ्या, शंभर ठिकाणी पैसे घालण्यापेक्षा हे काही शे रुपयांचं काम आहे. आपलीच पुढची चाकं दाराखाली खडी मारतात ते यानं बरंच थांबतं. रुंद टायर आणि बाहेर आलेले अलॉय टाकायचा नाद असेल तर फ्लॅप पण तेवढे रुंद बघा. बॉनेटला चामड्याचा किंवा रेक्झिनचा मास्क लावतात काहीजण, तो घेऊ नका. आत धूळ आणि ओल अडकते, वाऱ्यानं तो फडफडतो आणि पॉलिश पेपरसारखं घासत बसतो.

एवढं करून पण टवका उडणारच, कधीतरी. तेव्हा नख लावून बघा आणि आत काय दिसतंय ते बघा. बंपर प्लास्टिकचा असतो, गंजत नाही, त्याची घाई नाही. बॉनेटला नुसतं राखाडी प्रायमर दिसत असेल तर आठवड्याभरात भरा. चकचकीत पत्रा दिसत असेल तर आपल्या पावसाळ्यात तो थांबत नाही, लवकर भरा. कलर कोड आरसी बुकात नसतो, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर बघा, त्याच कोडचं टचअप घ्या. नुसता पांढरा सांगून मिळालेला पांढरा तुमचा पांढरा नसतो.

जागा धुवा, पूर्ण वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा म्हणजे वॅक्स निघेल. सुटलेला पापुद्रा टूथपिकनं काढा, गंज धरला असेल तर बारीक पॉलिश पेपर घडी घालून तेवढ्याच ठिकाणी. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा थेंब. मग कलर, आणि बाटलीबरोबर येणारा ब्रश वापरू नका, तो लई जाड असतो, टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन खड्ड्यात सोडा. वाळला की खाली बसतो, परत थेंब, असे दोन-तीन पातळ थर, मधे अर्धा-एक तास. शेवटी क्लिअर. उन्हात करायचं नाही आणि पाऊस लागलेल्या दिवशी पण नाही, सकाळी सावलीत गाडी लावून बसा. वर उरलेला फुगवटा घासून सपाट करायचा मोह होतो, पहिल्यांदा करणाऱ्यानं तो टाळा. मी टाळला नाही, एका टवक्याच्या जागी रुपयाएवढा धुरकट डाग करून ठेवला आणि मग उद्यमनगरात जाऊन बफिंग करून घेतलं.

इन्शुरन्सवर रंगवायचा विचार करत असाल तर आधी हिशोब करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममधे सक्तीचे १००० आणि त्यावरच्या गाडीला २००० आपल्याच खिशातनं जातात, वर नो क्लेम बोनस जातो. तीन टवक्यांसाठी हे परवडत नाही. आणि कंपनीचा भट्टीतला कलर घासून अख्खं बॉनेट रंगवून घेणं हा तर त्याहून मोठा तोटा, उद्या विकताना गिऱ्हाईक जाडीचं मीटर लावून विचारणार, ॲक्सिडेंट कुठं झालता?

टचअपची बाटली गाडीत ठेवू नका, उन्हात आतल्या आत घट्ट होते. माझी पहिली तशीच गेली. दुसरी घरात कपाटात आहे, झाकणाचा आटा पुसून बंद केलेली, आणि पोरानं नेलपॉलिश समजून नेऊ नये म्हणून वर चिठ्ठी लावलेली.