फिल्ममध्ये लूप दिसला? पेपर लिहिण्याआधी या चुका टाळा

कोबाल्ट घातलेल्या झिंक ऑक्साइडच्या फिल्मवर दरवर्षी कोणी ना कोणी नवं काम सुरू करतं आणि दरवर्षी चुका त्याच. 2000 साली भौतिकशास्त्रज्ञ डिटल आणि सहकाऱ्यांनी मँगनीज घातलेला झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानालाही लोहचुंबकीय राहील असं भाकीत केलं. तेव्हापासून मँगनीज असो वा कोबाल्ट, हिस्टेरिसिसचा लूप (चुंबकीय फील्ड वाढवून-उतरवून काढलेल्या आलेखातला बंद वळसा, लोहचुंबकत्वाची खूण) दिसला रे दिसला की पोरांना पेपरची घाई.

पहिली चूक, ज्या काचेवर फिल्म बसवतो ती कोरी असताना तिचं चुंबकत्व न मोजणं. एक चौरस सेंटिमीटरची, 300 नॅनोमीटर जाडीची फिल्म भरते जेमतेम 0.17 मिलिग्रॅम, खालची काचपट्टी तिच्या सुमारे दोन हजार पट जड. चुंबकत्वाचा सिग्नल असतो 10⁻⁵ ईएमयूच्या (चुंबकत्व मोजायचं एकक) आसपास. तेवढा द्यायला 50 नॅनोग्रॅम लोखंड पुरतं, केसाच्या जाडीहूनही बारीक एक कण. आणि आपण राहतो फाउंड्र्यांच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांच्या गावात!

एक पोरगा "सर, नादखुळा लूप आलाय!" म्हणत धावत आला. विचारलं, काच कुठं कापलीस? डायमंड कटर सापडेना म्हणून पठ्ठ्यानं उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कापून आणलेली, शेजारी कास्टिंगचं ग्राइंडिंग चालू. त्याच गठ्ठ्यातली कोरी काच मोजायला लावली. लूप तोच! ती काच हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन परत मोजली, तर लूप गायब. (फिल्म मात्र आम्लात बुडवू नका, विरघळेल.) आता माझ्याकडं आधी कोरी काच, मग बिनडोपची (कोबाल्ट न घातलेली) फिल्म, आणि मगच कोबाल्टवाली. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं दुसरा विषय घ्यावा.

स्टीलचा चिमटा नको. हाफ्नियम ऑक्साइडच्या चुंबकत्वाचा एवढा गाजावाजा झाला, पण नुसत्या स्टीलच्या चिमट्यानं धरूनही तसा सिग्नल येतो हे 2005 मध्ये दाखवलं गेलं. मी प्लास्टिकचाच वापरतो.

फिल्म बनवताना उतावळेपणा नडतो. स्प्रे पायरोलिसिसमध्ये (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून फिल्म बसवण्यात) तापमानाचा कंट्रोलर 450 अंश दाखवत असला तरी काचेचा पृष्ठभाग तेवढा तापलेला नसतो, फवाऱ्यानं आणखी उतरतो. मी थोडं फवारतो, थांबतो, परत फवारतो. एकदम ओतणाऱ्यांच्या काचेवर पांढरी भुकटी बसते, बोटानं निघते.

फवारायचं झिंक ॲसिटेटचं द्रावण गढूळलं तर ॲसेटिक आम्लाचे थेंब टाका.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) स्वच्छ आला म्हणजे फिल्ममध्ये कोबाल्ट धातूचे वेगळे, स्वतःच चुंबकीय असलेले बारीक गोळे नाहीतच असं नाही. एक-दोन टक्के सहज लपतात.

आलेखातून काचेचा उतार (काचेच्या स्वतःच्या चुंबकीय प्रतिसादाची सरळ रेषा) वजा करताना ती रेषा फक्त जास्त फील्डच्या बिंदूंवरूनच बसवा.