कापसाच्या पैशात लॅपटॉप

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, स्कॉलरशिप, पीकविमा, सगळं चालतं. कापूस विकला की माणसं विचारायला येतात, "भाऊ, पोराले लॅपटॉप घ्याचा हाय, कोणता घेऊ?" मी आधी विचारतो, पोरगं गेम खेळते काय? बाप म्हणतो, नाही. पोरगं खाली पाहतं. म्हणजे खेळतं.

मी कुठं फसलो ते आधी सांगतो. भाच्याला दुकानातला सगळ्यात स्वस्त, नवाकोरा लॅपटॉप घेऊन दिला होता. ४ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती जागा) आणि ६४ जीबीची ईएमएमसी. ही मेमरी कार्डाच्या जातीची साठवण, बोर्डालाच चिकटवलेली, काढून मोठी टाकता येत नाही. वर्षभरात विंडोजच्या अपडेटला जागा उरली नाही. प्रोजेक्टची फाइल उघडायला लावून भाचा चहा पिऊन यायचा.

तेव्हापासून सांगतो, बजेट कमी असेल तर स्वस्त नवा घेऊ नका, महागातला जुना घ्या. मोठ्या ऑफिसांतून निघालेले डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक नागपूरला सीताबर्डीत मिळतात. दिसायला म्हशीसारखे काळे, पण दणकट. बऱ्याच मॉडेलांत रॅम आणि एसएसडी (फाइली साठवायची वेगवान, न फिरणारी डिस्क) नंतर वाढवता येते. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली उतरू नका. जुनी फिरती हार्डडिस्क तर फुकट दिली तरी नको.

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. दुकानदार नुसतं "आय-फाइव्ह आहे" म्हणतो, म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर. पुढचा आकडा वाचा. आय५-७२०० म्हणजे सातवी पिढी, २ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात). आय५-८२५० म्हणजे आठवी, ४ कोअर. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते (सातवीतले एक-दोन अपवाद सोडा), आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठवीच्या खालचा लॅपटॉप स्वस्त का मिळतो, ते यातच आलं.

आता गेमचं. या लॅपटॉपांत बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, रॅममधलीच जागा वापरली जाते. म्हणून ८ ची एक पट्टी असण्यापेक्षा ४-४ च्या दोन असल्या तर गेम जास्त सुरळीत चालतो. एएमडी कंपनीचा रायझन ५ ३५००यू प्रोसेसर मिळाला तर त्यातलं वेगा ग्राफिक्स आठव्या पिढीच्या इंटेलपेक्षा बरं. माइनक्राफ्ट, जीटीए सॅन अँड्रियास आरामात. व्हॅलोरंट सगळं 'लो'वर ठेवून. बीजीएमआय हा फोनचा गेम, त्यासाठी लॅपटॉप घेऊ नका, बाप्पा.

दुकानात तासभर ठाण मांडा. नोटपॅड उघडून एकेक बटण दाबून पाहा. चालू करताना डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१० दाबा, म्हणजे बायोस (विंडोजच्या आधीची मूळ सेटिंग) उघडतं. जुन्या ऑफिसचा पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप तिथंच ठेवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये cmd शोधलं की मिळणारी काळी खिडकी) पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट, म्हणजे powercfg /batteryreport, टाइप करून एंटर दाबा. तयार झालेल्या फाइलमध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. आमच्याकडं लाइन कधी जाईल याचा नेम नाही, बॅटरी मेलेला लॅपटॉप काय कामाचा?

व्होल्टेज कमी येतं म्हणून स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही, अडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. भीती लाइन परत येताना बसणाऱ्या झटक्याची, तेव्हा गेली की पिन काढा. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर घराची अर्थिंग तपासून घ्या.

घरी आणल्यावर नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर वायफाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड' (म्हणजे मोजका डेटा) चालू करा, नाहीतर अपडेट दिवसाचा डेटा खाऊन टाकतं. मराठी टायपिंगला वेगळं काही विकत घेऊ नका, विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच.

आणि रुई! दुसरा लॅपटॉप भाच्याला १७ हजारांत घेतला. मे महिन्यात गेम लावला की गिरणीसारखा घरघरायचा, मग अडकत चालायचा. खालची झाकणी उघडली तर पंख्याच्या जाळीत रुईची गादी. कापूस त्याच खोलीत साठवलेला ना! पात्यात काडी अडकवून पंखा धरला, कारण ब्लोअरच्या हवेनं तो भलत्या वेगानं फिरून बिघडतो, आणि ब्रशनं सगळं काढलं. आता कापूस घरात आला की लॅपटॉप माझ्या दुकानात मुक्कामाला येतो, आणि त्याच्या मागोमाग भाचाही.