निमखाऱ्या पाण्यातली कोळंबी: छोट्या टाकीत या चुका टाळा

निमखाऱ्या टाकीतली कोळंबी सहसा उपाशी मरत नाही, तिला मारते ती मालकाची लुडबुड. आज चिमूटभर मीठ, उद्या थोडं जास्त खाद्य, परवा सगळंच पाणी बदल. एरवी हवाई बेटांवरची ओपाए उला ही छोटी लाल कोळंबी भलतीच चिवट. तिथे किनाऱ्यालगतच्या लाव्हाखडकांत जी डबकी असतात, त्यांत खडकाखालून समुद्राचं खारं आणि जमिनीतलं गोडं पाणी मिसळत राहतं. तिथला खारेपणातला चढउतार ती सोसते आणि नीट सांभाळली तर टाकीत दहा वर्षांहून जास्त जगते. पुढचं बरंचसं तिच्याबद्दलच आहे.

खरेदी करताना एक पाहा. लाल दिसली म्हणजे ओपाए उला असं नाही. चेरी कोळंबी गोड्या पाण्यातली आहे. अमानो या दुसऱ्या जातीच्या कोळंबीच्या पिल्लांना खारं पाणी लागतं, पण मोठी अमानो गोड्या पाण्यातच राहते. या दोघींना ओपाए उलाच्या टाकीत टाकू नका.

आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारं पाणी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. दहा लिटरच्या टाकीत लिटरला १५ ग्रॅम या हिशेबाने १५० ग्रॅम क्षार आहेत असं समजा. दोन लिटर पाणी उडालं तरी ते १५० ग्रॅम तसेच, फक्त आता आठ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला जवळजवळ १९. आता ही तूट त्याच मापाच्या खाऱ्या पाण्याने भरली, तर आणखी ३० ग्रॅम क्षार आत गेले. असं तीनदा केलं की टाकीत २४० ग्रॅम होतात आणि लिटरला २४ भरतात. पाणी वरून तितकंच स्वच्छ दिसत असल्यामुळे शंकाही येत नाही.

उपाय सोपा आहे. खारेपणा बरोबर असताना काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून ठेवा. पातळी उतरली की पट्टीपर्यंत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरा. खारं पाणी भरायचं ते फक्त पाणी बदलताना, कारण तेव्हा जुन्या पाण्याबरोबर मीठही बाहेर गेलेलं असतं. वर सैल झाकण ठेवलं तर वाफ कमी होते. खारेपणा आधीच चढला असेल तर एका झटक्यात खाली आणू नका. थोडं पाणी काढा, तेवढंच गोडं घाला आणि लिटरला एक-दोन ग्रॅम अशी रोजची उतरण ठेवा.

स्वयंपाकघरातलं मीठ आणि विश्वासू वाटणारा मीटर

जेवणातलं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. कवच घडवायला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नसतं, पीएच धरून ठेवणारे कार्बोनेटही नसतात. मत्स्यालयासाठीचं सागरी मीठच घ्या. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत या पाण्याचा जडपणा, १.०१० ते १.०१२ असलं की पुष्कळ. त्यासाठी लिटरला साधारण १६-१७ ग्रॅम मीठ लागतं, पण शेवटचा शब्द मोजणीचा. हा जडपणा मोजणाऱ्या काटेवाल्या हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो वर उचलला जातो आणि आकडा फुगतो, म्हणून आधी ठोकून बुडबुडे झटका. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) वापरत असाल तर तो अधूनमधून तपासणीच्या द्रावणाने जुळवून घ्या.

रोज खाऊ घालणं

कोळंबी दिवसभर खडकावर चरताना दिसते आणि आपल्याला वाटतं, बिचारी भुकेली आहे. ते तिचं जेवणच चालू असतं. पुढच्या पायांवरच्या ब्रशसारख्या केसांनी ती शेवाळ आणि जिवाणूंचा थर खरवडते. शेवाळ धरलेल्या टाकीत दोन-तीन आठवड्यांतून एकदा चिमटीभर स्पिरुलिना (शेवाळासारखी हिरवी भुकटी) दिली तरी चालते. जास्तीचं खाद्य कुजतं, अमोनिया वाढतो, आणि निमखाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास असल्यामुळे त्यातला विषारी रूपातला वाटा वाढतो. काचेवर निळसर-हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा थर आला तर आधी खाऊ बंद करा.

टाकीत सोबतीला गोगलगायी असतील तर त्यांच्यावरही नजर हवी. मेलेली एक गोगलगाय छोट्या टाकीचं पाणी बिघडवायला पुरेशी असते.

कच्च्या टाकीत कोळंबी सोडणं

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून टाकी तयार झाली असं होत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू जमायला कित्येक आठवडे जातात, आणि खाऱ्या पाण्यात ते गोड्यापेक्षा सावकाश वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत धीर धरा.

दिसत नाहीत म्हणून खडक उचकणं

नवी आणलेली कोळंबी फिकट पडते, सांदीत दडते. हे साहजिक आहे. अंडी धरलेली मादी तर कित्येक दिवस दडून राहते. पिल्लं डोकं खाली करून तरंगतात आणि सुरुवातीला स्वतःच्या पिवळ्या बलकावरच जगतात, त्यामुळे त्यांना वेगळा खाऊ लागत नाही. लागतो तो शांतपणा, आणि त्यांना ओढून न घेणारा स्पंजचा फिल्टर. पारदर्शक पोकळ कवच दिसलं तर घाबरू नका, ती कात आहे. ती आतच राहू द्या. मेलेली कोळंबी मात्र अपारदर्शक, गुलाबीसर होते. ती लगेच काढा.

अचानक मरतूक लागली तर

आधी खारेपणा, मग अमोनिया, मग तापमान, या क्रमाने मोजा. तापमान तिशीच्या वर गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, म्हणून टाकी थेट उन्हात नको. तिन्ही आकडे ठीक असतील तर विषाचा विचार करा. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, ते कोळंबीला घातक. डास मारायच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइडं त्याहून वाईट. खोलीत फवारणी होणार असेल तर टाकी झाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो.