कॉलेजच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसा चालवावा

जुलैतल्या एका सोमवारी मी ८० एमबीची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली. बेळगाव शहरातल्या पोरांनी ती पाच मिनिटांत उतरवून घेतली. जांबोटी-कणकुंबीकडच्यांना ती गुरुवारी मिळाली, खानापूर स्टँडवर रेंज आली तेव्हा. तोवर माझा तो धडा शिकवून झाला होता आणि ‘वाचून का आला नाही?’ म्हणून चिडूनही झालं होतं.

आधी कागद, मग ग्रुप

पहिल्या तासाला वर्गात एक कोरा कागद फिरवा. स्वतःचा फोन आहे की घरात मिळून एकच? घरी रेंज येते का? व्हॉट्सअ‍ॅपवर असलेला नंबर कुणाचा? माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच जणांचा ‘फोन’ म्हणजे वडिलांचा फोन असतो, आणि वडील संध्याकाळपर्यंत कामावर. अशांसाठी प्रत्येक सूचना फळ्यावरही लिहायची. ग्रुपवर हजर असण्याला गुण देऊ नका.

सूचनेची जागा वेगळी, बोलायची वेगळी

साध्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मुलींच्या घरून पहिली तक्रार येते ती याचीच, आणि ती रास्त आहे. म्हणून साधा ग्रुप न काढता ‘कम्युनिटी’ काढा, म्हणजे एका छत्राखाली अनेक ग्रुप. तिच्या घोषणांच्या भागात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सूचना तिथे द्या. चर्चेचा ग्रुप त्याखाली वेगळा काढा, आणि ज्याला यायचं त्यानेच यावं. प्रोफाइलला खरं नाव लावायला सांगा. ‘खानापूरचा किंग’ने प्रश्न विचारला तर उत्तर कुणाला द्यायचं?

टेलिग्राम काही बाबतींत सरस आहे. उशिरा प्रवेश घेतलेल्याला तिथे जुनं साहित्यही दिसू शकतं. पण पोरांच्या घरी आधीपासून आहे ते व्हॉट्सअ‍ॅप. केवळ माझ्यासाठी आणखी एक अ‍ॅप घ्या म्हणणं मला पटत नाही.

विद्यापीठाचं परिपत्रक जसंच्या तसं पुढे ढकलू नका. तारीख, फी आणि कुठल्या खिडकीवर जायचं, एवढं तीन ओळींत मराठीत लिहा. मूळ कागद खाली जोडा आणि सूचना पिन करा.

शिकवायचं कसं

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालतो. आमच्याकडचं पोर घरी मराठी बोलतं, बसमध्ये कन्नड आणि पेपर लिहितं इंग्रजीत. पुस्तकातलं वाक्य त्याला वाचता येतं, पण पोचत नाही. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे व्हॉईस नोट. दोन-तीन मिनिटांची, एकाच मुद्द्याची. आधी मराठीत समजवायचं, मग पेपरात लिहायचा इंग्रजी शब्द दोनदा सावकाश उच्चारायचा. आवाजाची फाइल हलकी असते, कमी रेंजमध्येही उतरते आणि बसमध्ये कानाला लावून ऐकता येते. पीडीएफ द्यायचीच असेल तर धड्यागणिक तुकडे करा आणि फाइलला नाव द्या. ‘डॉक वन फायनल नवीन’ परीक्षेच्या आदल्या रात्री कुणालाही सापडत नाही.

मग प्रश्न. अर्थशास्त्राचा माझा आवडता असा: ‘बेळगावची भाजी गोव्याला जाते. चोर्ला घाट चार दिवस बंद झाला, तर गोव्यात भाव काय होईल आणि इथे मार्केटात काय?’ आधी पोल टाकतो: दोन्हीकडे चढेल, दोन्हीकडे उतरेल, तिकडे चढेल नि इकडे उतरेल. मत देणं सोपं, म्हणून मागच्या बाकावरचेही देतात. उत्तर मात्र ग्रुपवर सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पोलचे आकडे फळ्यावर मांडून ‘असं का?’ विचारतो. ज्याच्या घरी कोबी-मिरची पिकते, तो पोरगा त्या दिवशी मास्तर होतो.

कारण सांगणारी व्हॉईस नोट मात्र खासगीत मागवा. वर्गात वर्षभर तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने मला पाच मिनिटांची नोट पाठवली होती. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, पण मांडणी बिनचूक.

लिपीवरून रागावू नका. देवनागरी, कन्नड, इंग्रजी अक्षरांतली मराठी, सगळं चालू द्या. नेमकं लिहायची सवय वहीत लावता येते.

वेळ आणि वाद

ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा: उत्तरं सकाळी ९ ते रात्री ८. तरीही अकराला ‘सर, उद्या इंटर्नल हाय काय ओ?’ येणारच. सकाळीच उत्तर द्या. एकदा रात्री दिलंत की तुम्ही कायमचे सापडलात.

गुण ग्रुपवर कधीच टाकू नका. मी एकदा टाकले होते, तर शेवटच्या नंबरचा मुलगा आठवडाभर कॉलेजला फिरकला नाही.

आणि १ नोव्हेंबर. सीमाप्रश्नामुळे एकाच वर्गात कुणासाठी तो काळा दिवस, कुणासाठी कर्नाटक राज्योत्सव. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच चर्चेच्या ग्रुपच्या परवानग्यांमध्ये जाऊन सदस्यांचं मेसेज पाठवणं बंद करा आणि दोन-तीन दिवसांनी उघडा. कारण सांगायची गरज नाही, पोरांना कळतं. सीमेवर तणाव होऊन बस बंद पडतात तेव्हा मात्र हाच ग्रुप कामी येतो. पलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणारी मुलं सकाळी सहालाच विचारतात, ‘सर, येऊ की नको?’ अशा दिवशी हजेरीचं काय ते आधी सांगा, मग बाकीचं.

सेमिस्टर संपलं की कामाच्या व्हॉईस नोट्स बाजूला काढून ठेवा आणि निकालानंतर ग्रुप बंद करा. मी एक बंद करायचा विसरलो. त्यातली पोरं आता नोकरीला लागलीत, आणि मला अजून रोज सकाळी सूर्योदयाचे फोटो येतात.