देवगडचा जुना कॅमेरा डोंबिवलीतून कसा दिसू लागला

"बागेत वानर इलेत काय, बघ रे," असा काकांचा फोन येतो आणि मी डोंबिवलीत. देवगडच्या कलमांवर रोखलेला जुना आयपी कॅमेरा ठणठणीत आहे, पण त्याचं पान अ‍ॅक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणारं जुनं प्लगइन तंत्र) मागतं आणि इंटरनेट एक्सप्लोररचा सपोर्ट जून २०२२ मध्ये संपला. एज ब्राउझरमधल्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडने ते पान कसंबसं उघडलं, कॅमेऱ्यातलं आरटीएसपी (चित्र थेट पाठवायची पद्धत) चालू केलं आणि ब्राउझरचा नाद सोडला. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये आरटीएसपीचा पत्ता टाकला (पोर्ट ५५४) की चित्र हजर.

पण हे गावच्या वायफायवर. बाहेरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने कॅमेऱ्याकडे वळवणं) केलं, उपयोग शून्य. राउटरचा वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. १००.६४ ते १००.१२७ यातलं काही दिसलं तर त्या वाटेला जाऊच नका. तसंही अपडेट बंद पडलेला कॅमेरा इंटरनेटवर उघडा टाकणं मला पटत नाही.

मग गावी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टेलस्केल (दूरची यंत्रं खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) बसवलं, सबनेट राउटर म्हणून, म्हणजे त्याच्यामार्फत घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत पोचता येतं. त्यावर आयपी फॉरवर्डिंग चालू हवं, शिवाय टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर रूट (गावच्या नेटवर्कची वाट) मंजूर करावा लागतो. नाहीतर सगळं 'कनेक्टेड' दिसतं आणि चित्राचा पत्ता नाही. दोन्ही घरांत १९२.१६८.१ चंच नेटवर्क होतं, पत्ते एकमेकांत अडकले असते, म्हणून गावचं १९२.१६८.५० केलं. चित्र फुटलं तर व्हीएलसीत आरटीपी ओव्हर आरटीएसपी (टीसीपी) निवडा.

पावसाळ्यात लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा राउटर, रास्पबेरी पाय आणि कॅमेरा तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या.