पाटणादेवीला जायचंय? मग त्याच दिवशी वेरूळ नको

पावसाळा लागला की चाळीसगावात आमच्याकडे पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "पाटणादेवी, पितळखोरा, वेरूळ, सगळं एका दिवसात होईल ना?" गाडी फिरून येईल हो, तुमचं काही बघून होणार नाही. पाटणादेवी म्हणजे जंगलातलं चंडिकेचं देऊळ, त्याला अख्खी सकाळ द्या. पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या कन्नडच्या अंगाने उतरतात, ती वेगळी चक्कर.

यायचं ऑगस्ट-सप्टेंबरात. मे महिन्यात निष्पर्ण साग आणि तापलेला कातळ, दुसरं काही नाही. नवरात्रात यात्रा भरते. दर्शनाला जरूर या, धबधब्यासाठी नको.

चाळीसगाव मुंबई-भुसावळ मार्गावरच आहे. स्टेशनापासून देवी साधारण १८ किलोमीटर. रिक्षा येण्याजाण्याची ठरवा आणि परतीची वेळ आधीच बोलून घ्या. आत मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका.

आधी केदारकुंडाचा धबधबा, मग देवी. वाट गौताळा औट्रमघाट अभयारण्यातली, त्यामुळे स्पीकर घरी ठेवा. पायात पकड असलेले बूट हवेत. ओल्या दगडांत खरखरीत, फिकट दगड पाय धरतो. काळा चकचकीत दिसला की त्यावर पाय टाकायचा नाही. आणि नाल्याच्या पाण्यावर नजर ठेवा. नितळ पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की धबधबा हाकेवर असला तरी माघारी फिरा. इथे ऊन असलं तरी वर डोंगरात कोसळत असतो. ऑगस्ट २०२१च्या शेवटी डोंगरी-तितूर नद्यांना पूर आला आणि चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, ते याच डोंगरातलं.

चंडिकेच्या देवळात मात्र निवांत बसा. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, हे सांगणारा शिलालेख इथल्या पाटण गावचाच. गणितात नापास झालेल्यांनीही हात जोडायला हरकत नाही!

डबा घरून आणा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, एवढं पुरतं. भरिताचा हट्ट नको, ती वांगी थंडीतली. चारच्या आत जंगलाबाहेर पडा, बिबट्याचा मुलूख आहे. गाडीला वेळ असेल तर स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, तेवढं बघून घ्या.